मराठीत अद्भुतरम्य कादंबरी लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिली कादंबरी लिहायला घेतलेल्या, निम्म्यात अडकलेल्या आणि 'सुचतंय खूप, पण कागदावर येत नाही' म्हणणाऱ्या मंडळींकडून पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही, फक्त क्रमांक दिला आहे.

१. अद्भुतरम्य कादंबरी म्हणजे नेमकं काय? भयकथा आणि पौराणिक कादंबरी यांपासून ती वेगळी कशी?

जे आपल्या जगात घडू शकत नाही ते तिथे घडतं आणि त्या जगातल्या माणसांना ते ठाऊक असतं. भयकथेत हडळ दिसली की पात्र हादरतं. अद्भुतरम्य कादंबरीत तेच पात्र म्हणेल, 'आज अमावस्या ना, मग विहिरीच्या वाटेने नको.' पौराणिक कादंबरीत शेवट वाचकाला आधीच माहीत असतो, इथे नसतो. सीमारेषा धूसर आहे आणि तिच्यावरून वाद घालण्यात वेळ घालवू नये.

२. मराठीत हा प्रकार नवाच आहे ना? वाचक मिळतील का?

नवा अजिबात नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची. मराठी कादंबरीची सुरुवातीची काही दशकं अशा अद्भुतरम्य कथानकांनीच भरलेली आहेत. पुढे वास्तववाद आला आणि हा प्रकार बालसाहित्याच्या कपाटात गेला. वाचक तेव्हाही होते, आताही आहेत. अडचण असते ती बहुतेकदा पुस्तकाचीच: कथा दुसऱ्या मुलखातली आणि फक्त नावं मराठी.

३. नोकरी आणि घर सांभाळून रोज किती लिहायचं? कादंबरी किती मोठी असावी?

पहिल्या कादंबरीसाठी ६० ते ८० हजार शब्द पुरतात. कादंबऱ्यांच्या नेहमीच्या, म्हणजे डेमी आकाराच्या पानावर साधारण २८० ते ३०० शब्द बसतात, म्हणजे ७० हजार शब्दांची सुमारे २४० पानं झाली. छपाई १६-१६ पानांच्या गटांत चालते, अशा एका गटाला फॉर्म म्हणतात, त्यामुळे २४० पानं म्हणजे बरोबर १५ फॉर्म. २४५ झाली की सोळावा फॉर्म लागतो आणि त्यातली ११ पानं कोरी राहतात.

रोज ४०० शब्द, आठवड्यातून पाच दिवस, असं धरलं तर पहिला खर्डा ३५ आठवड्यांत होतो. ४०० शब्दांना सवय झाल्यावर पाऊण ते एक तास लागतो. हा तास सकाळचा असेल तर टिकतो. रात्री जेवणानंतरचा तास पाहुणे, मुलांचा अभ्यास आणि झोप यांच्यात वाटला जातो. लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर संवाद चांगले लिहिता येतात, वर्णनं मात्र तुटक येतात, म्हणून ती घरच्या तासासाठी ठेवावीत.

बहुतेकांची गाडी अडते ती १५ ते २० हजार शब्दांच्या दरम्यान, कारण तिथे नवलाई संपते आणि पात्रांना काहीतरी करावं लागतं. अशा वेळी पहिलं प्रकरण सुधारत बसू नका. 'इथे लढाई येणार' असं एका ओळीत लिहून पुढे जा.

४. डोक्यात ड्रॅगन आणि बर्फाळ किल्लेच येतात. आपल्या मातीतलं सुचण्यासाठी काय करू?

ड्रॅगन येतात कारण ते तयार मिळतात. आपल्याकडचं साहित्य तयार नसतं, पण अंगणात पडलेलं असतं. गावाबाहेरच्या देवळापाशी कितीदा तरी एक उभा कोरीव दगड असतो, शेंदूर फासलेला नाहीतर चुना लावलेला. तो वीरगळ. खालून वर वाचायचा. सर्वांत खालच्या चौकटीत वीर पडलेला, बऱ्याचदा बाजूला गाई, म्हणजे गुरं सोडवताना मेला. त्यावर अप्सरा त्याला उचलून नेताहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याची कीर्ती. चार चौकटींत अख्खी कादंबरी आहे, आणि गावाला वीराचं नाव मात्र माहीत नसतं. नाव का विसरलं गेलं, इथून सुरुवात करा.

दुसरा दगड गधेगाळ, शिलाहार आणि यादव काळातला. वर चंद्र-सूर्य, मधे दानाचा लेख, खाली गाढव आणि बाई यांचं शिल्प. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी आहे, दगडात कोरलेली. 'शाप' हा शब्द आपण किती सैल वापरतो. इथे शाप हे करारपत्राचं कलम आहे.

वस्तूंसाठी पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहा. अडकित्ते, दिवे, कुलपं पाहताना प्रत्येक वस्तूला 'ही हरवली तर कोणाचं काय अडेल?' असं विचारावं. शब्दांसाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा कोश आंतरजालावर मोफत शोधता येतात. कोश शोधायला नाही, चाळायला उघडा, रोज एक पान. आवाजासाठी जात्यावरच्या ओव्या ऐका. ओवीत देव, सासू, पाऊस आणि मेलेला भाऊ एकाच दमात येतात, आणि कोणालाच त्याचं नवल वाटत नाही. अद्भुतरम्य गद्याला हवा तो सूर हाच.

५. प्रत्यक्ष कुठे फिरायला जावं? आणि तिथे जाऊन करायचं काय?

लोणारचं विवर, पावणेदोन किलोमीटरहून रुंद, उल्कापाताने बेसॉल्टमध्ये झालेलं, पाणी खारं आणि अल्कधर्मी. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं, क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे. राजापूर, रत्नागिरीच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरची कातळशिल्पं. त्यांतलं देवाचे गोठणे इथलं कातळशिल्प असं, की तिथे होकायंत्राची सुई भरकटते. गोव्यात कुशावतीच्या काठी पणसईमळला जांभ्यात कोरलेला चक्रव्यूह. नाणेघाटात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा लेख आणि वाटेच्या तोंडाशी दगडी रांजण.

फोटो कमी काढा. वहीत तीनच गोष्टी लिहा: पायाखाली काय होतं, वास कसला होता, किती वेळ लागला. सड्यावर एप्रिलच्या दुपारी दगड किती तापतो हे फोटोत येत नाही, आणि तुमचा नायक अनवाणी असेल तर तेच महत्त्वाचं.

६. जादूचे नियम कसे ठरवायचे? नियम असलेच पाहिजेत का?

नियम नसले की तिसऱ्या संकटाला वाचक म्हणतो, 'मग हिने आधीच मंत्र का नाही म्हटला?' तिथे पुस्तक मिटतं.

इथे परदेशी पद्धतीची शक्तीची कोष्टकं मांडत बसायची गरज नाही. श्रावणातल्या कहाण्या काढा. 'उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको.' वसा म्हणजे मुदत, विधी, अट आणि मोडल्याची शिक्षा. राणी उतते, मातते, वसा टाकते आणि राज्य जातं. शिवाय मोडलेला वसा पुन्हा घेता येतो, पण पहिल्यापासून. जादूची याहून घट्ट यंत्रणा विकत आणूनही मिळणार नाही.

किंवा कौल घ्या. कोकणात देवाच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि वाट बघतात. उजवीकडची पाकळी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. आता प्रश्न उभे राहतात. दोन्ही एकदम पडल्या तर? पाकळी पडेपर्यंत गाव किती वेळ थांबेल? प्रश्न विचारायचा अधिकार कोणाचा, आणि तो माणूस खोटं गाऱ्हाणं घालू लागला तर? एका प्रकरणाची सामग्री तिथेच झाली.

तिसरं उदाहरण वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा. त्याला भलीमोठी चामडी पायताणं वाहतात. देव रात्री राखणीला फिरतो, म्हणून ती झिजतात, अशी श्रद्धा. दैवी शक्तीचा पुरावा प्रकाशझोत नाही, झिजलेला तळवा. अशी एक वस्तू तुमच्या जगात असली की पानभर वर्णन टळतं.

नियम वहीच्या एकाच पानावर मावले पाहिजेत: कोण करू शकतो, काय द्यावं लागतं, काय कधीच होत नाही, मोडलं तर काय. कादंबरीत मात्र ते सगळे सांगू नका, निम्मे पुरतात. खऱ्या देवतांची नावं वापरण्याबद्दल प्रश्न १२ पाहा.

७. नकाशा आधी काढू की नंतर? अंतरं आणि वेळ चुकतात.

कच्चा नकाशा आधी, सुबक नकाशा शेवटी. आधी नद्या आणि डोंगर, मग वाटा, मग गावं. नदी उताराने एकत्र येत जाते. समुद्राकडे जाताना ती दुभंगलेली दाखवली तर ते मुखाजवळचं सपाट मैदानच हवं.

वेगाचे आकडे वहीत चिकटवून ठेवा. ओझ्यासह चालणारा माणूस दिवसाला २० ते २५ किलोमीटर, बैलगाडी १५ ते २०, चांगला घोडा रोज चालवायचा असेल तर ४० ते ५०. घोडा चौखूर उधळला की काही किलोमीटरांत दमतो, रात्रभर दौडत नाही. कोस म्हणजे साधारण तीन किलोमीटर, घटका २४ मिनिटांची, प्रहर तीन तासांचा.

सर्वांत जास्त चुका चंद्राच्या. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीचा तेव्हा उगवतो. पौर्णिमेला तो सूर्यास्ताला उगवतो आणि मध्यरात्री माथ्यावर येतो. पुढे रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. 'वद्य एकादशीच्या रात्री नऊ वाजता चांदणं पसरलं होतं' असं लिहिलंत की गावाकडचा वाचक हसतो. तुमच्या जगाला दोन चंद्र असतील तर दोघांचं पंचांग करावं लागेल, आणि समुद्राच्या भरतीचंही. एकच ठेवा.

८. लढाई लिहायची आहे, पण युद्धाचं काहीच कळत नाही.

तलवारीच्या हातांपेक्षा धान्याचा हिशेब शिका. हजार माणसांना रोज माणशी पाऊण किलो धान्य म्हणजे साडेसात क्विंटल. पाचशे घोड्यांना तीन किलो चंदी म्हणजे पंधरा क्विंटल, वैरण वेगळी. एका बैलावर क्विंटलभर गोणी धरली तर रोज २२-२३ बैल लागतात, दहा दिवसांच्या मोहिमेला सव्वादोनशे. हे बैल स्वतःही खातात. आता तुमच्या सेनापतीला लढायची घाई का आहे ते आपोआप कळेल. जुन्या घाटवाटांवर गाड्या चढत नसत, माल बैलांच्या पाठीवरूनच जाई. तेव्हा घाटात गाड्यांची रांग दाखवू नका.

तलवार साधारण किलोभर, फार तर सव्वा किलोची. पाच किलोची तलवार कोणी पाच मिनिटंही फिरवू शकत नाही. किल्ल्याचा दरवाजा समोरासमोर नसतो. तो बुरुजांच्या कवेत वळणावर लपवलेला असतो, म्हणजे हत्तीला धडक द्यायला पळायची जागा मिळत नाही. आणि वेढ्यात आधी पाहायची ती टाकी. पाणी संपलं की तटबंदी कितीही उंच असून उपयोग नाही.

९. माझं जग यादवकाळासारखं आहे. पात्रांनी काय खावं आणि कोणते शब्द वापरावेत?

मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, पेरू, काजू, तंबाखू हे सगळं अमेरिका खंडातून, पोर्तुगिजांच्या येण्यानंतर आलं. त्याआधी तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्याचा. ज्वारी, बाजरी, नाचणी, तूर, कुळीथ, ताक, गूळ चालेल. शेंगदाण्याचं कूट नाही. चहा तर नाहीच.

शब्दांचंही तसंच. बाजार, हुकूम, शिपाई, दरवाजा, जमीन हे फारसी-अरबीतून आलेले, चावी, पगार, बालदी पोर्तुगीजमधून. पण इथे जपून. सगळे काढून टाकले तर उरते ती कोणीच बोलत नाही अशी भाषा. शिवकाळात राजव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, लोक मात्र बरेचसे जुनेच शब्द वापरत राहिले. आमचं मत: राजदरबार, पदं आणि शस्त्रं यांचे शब्द काटेकोर ठेवा, निवेदनातल्या 'दरवाजा'ला हात लावू नका. जग पूर्णपणे काल्पनिक असेल तर हा नियम आणखी सैल, पण मिरची आहे की नाही हे एकदा ठरवून लिहून ठेवा.

१०. पात्रांची आणि गावांची नावं कशी ठेवू?

गावांची नावं जमिनीवरून आणि झाडांवरून पडतात: वडगाव, बोरगाव, आंबेगाव. तुमच्या जगात जे झाड नाही त्याचं गाव नको. कोकणात '-वली' खूप, देशावर '-वाडी', '-गाव'. प्रांतागणिक दोन-तीन शेवट ठरवले की नकाशा खरा वाटतो. पात्रांची नावं वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू करा. रुद्रसेन, रणधीर आणि रविकीर्ती एका प्रवेशात आले की वाचक मागची पानं उलटतो. आणि नाव हाक मारता आलं पाहिजे. आजी 'हिरण्याक्षवर्धना, जेवायला चल' म्हणणार नाही.

११. निवेदन 'केले'मध्ये की 'केलं'मध्ये? पात्रांनी बोली बोलावी का?

दोन्ही चालतं, सरमिसळ चालत नाही. संवादात 'केलं' आणि निवेदनात 'केले' ही सर्वांत सोपी वाटणी. शुद्धलेखनासाठी साहित्य महामंडळाचे अठरा नियम जवळ ठेवा. बोली लिहायची तर स्वतःच्या कानावर असलेली एकच लिहा. ऐकीव मालवणी आणि अंदाजी वऱ्हाडी दुसऱ्या वाक्याला उघडी पडते. प्रांतभेद दाखवायला 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांचा वापरही पुरतो: एका प्रांतात मुलगा बापाला 'तू' म्हणतो, दुसऱ्यात 'तुम्ही', आणि लग्नाच्या बोलणीत पहिला खटका तिथेच उडतो.

१२. खऱ्या देवता, भूतं आणि भगत-मांत्रिक वापरले तर अडचण येईल का?

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत विशिष्ट कृत्यं दिली आहेत. कथेत मांत्रिक असणं हे त्यातलं कृत्य नव्हे. फक्त प्रस्तावनेत 'हे उपाय खरे आहेत' असं लिहू नका.

खरी काळजी वेगळी. सातीआसरा, म्हसोबा, वेताळ ही पुरातन पात्रं नाहीत, आजही त्यांच्यापुढे नारळ फुटतो. देवतेला खलनायक करायचं असेल तर नाव बदला, लक्षणं ठेवा. आणि विशिष्ट आदिवासी किंवा भटक्या जमातीलाच करणी करणारे दाखवू नका. डाकीण ठरवून बायकांना खरोखर मारहाण झालेली आहे. तो आळ कादंबरीत सहज, गंमत म्हणून येऊ नये.

१३. टाइप करताना काय सांभाळायचं?

युनिकोडमध्येच लिहा. जुन्या फॉन्टमधला मजकूर बदलून घेताना पहिली वेलांटी आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, आणि २४० पानं हाताने तपासावी लागतात. 'दुसऱ्या'मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो, 'ॲ'सुद्धा एका किंवा दोन खुणांनी. डोळ्याला सारखे, शोधयंत्राला वेगळे. पात्राचं नाव बदलायचं ठरलं तर निम्मी नावं तशीच राहतात. म्हणून नावात ऱ्य आणि ॲ नकोत. बोलून टाइप करणं संवादांना छान, पण काल्पनिक नावं दर वेळी वेगळी उमटतात. तेव्हा 'कखग' असं काहीतरी बोला आणि शेवटी एकदम बदला. प्रत तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक घराबाहेर.

१४. पहिलीच कादंबरी तीन भागांत लिहू का?

नको. पहिला भाग स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. दुसऱ्या भागाची सामग्री वेगळ्या वहीत टाका.

१५. लोककथा वापरली तर कॉपीराइटचं काय?

परंपरेने आलेली कथा सर्वांची. तिचं एखाद्या संकलकाने केलेलं शब्दांकन किंवा भाषांतर मात्र त्याचं असतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. म्हणून एकाच कथेची तीन-चार रूपं वाचा, पुस्तक मिटा, मग लिहा. तुमच्या लेखनावरचा हक्क लिहिताक्षणी तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. शीर्षकावर मात्र कॉपीराइट नसतो.

१६. कुठे पाठवू? करारात काय बघू?

आधी कथा. त्याच जगातली दोन-अडीच हजार शब्दांची स्वतंत्र कथा दिवाळी अंकाला पाठवा. १९०९ च्या 'मनोरंजन'पासून मराठी लेखक असेच वाचकांपुढे आले आहेत. 'नवल' आणि 'धनंजय' हे अद्भुत-रहस्याची आवड असलेले अंक. कथा जूनपर्यंत गेलेली बरी, सप्टेंबरात अंक छपाईला लागलेला असतो.

प्रकाशकाला पूर्ण हस्तलिखित, दोन पानांचा सारांश (शेवटासकट, रहस्य राखू नका) आणि विषयाची चार ओळींत ओळख. करार लेखीच हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायद्याने पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही नसेल तर ते परत येतात. ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक, भाषांतर आणि चित्रपट या चारही ओळी वेगळ्या वाचा. 'सर्व माध्यमांतील सर्व हक्क' अशी एकच ओळ असेल तर सही करायची थांबवा. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो, त्यासाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नका.

१७. मित्राबरोबर मिळून जग रचलं. आता तो म्हणतो, 'कल्पना माझी, तू लिहू नकोस.' काय करू?

नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. 'वसा मोडला की सावली जाते' ही कल्पना दोघांनाही वापरता येईल. पण त्याने लिहिलेली पानं, त्याने काढलेला नकाशा हे त्याचं. नकाशा कायद्याने कलाकृती धरला जातो. वाटणी वेगळी न काढता येण्याइतकं एकत्र लिहिलं असेल तर ते सहलेखन, आणि छापायला दोघांची संमती लागते. तेव्हा जुन्या चॅट आणि फाइल तारखांसकट काढा, कोणी काय लिहिलं त्याची यादी करा, त्याची पानं बाजूला ठेवा आणि नकाशा नव्याने काढा. नद्यांसकट.